नीट चालतंय ना? मग गप बस की

रात्रपाळी:
काल इथे एका महाशयांनी लिहिलं की लिनक्स ड्रायव्हरच्या लॉगमधली डीबग लेव्हल, म्हणजे एरवी बंद असलेले तपासणीचे मेसेज, ही आळशी लोकांची सोय आहे, जे घडतंय ते सरळ इन्फोमध्ये, म्हणजे नेहमीच्या माहितीच्या लेव्हलला छापा, डिस्क काय स्वस्त झालीये. दोनदा वाचलं, मग राहवलं नाही. डिस्क स्वस्त असेल हो, पण डीमेसेजचा, म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मेसेज दाखवणाऱ्या कमांडचा, बफर मेमरीत असतो, मूळ कॉन्फिगमध्ये १२८ केबी, भरला की जुनं पुसून नवीन लिहितो. मागच्या महिन्यात आमचा सर्व्हर अडकला, बघतो तर नेटवर्क ड्रायव्हर दर दोन सेकंदांनी "लिंक ठीक आहे" सांगतोय, इन्फोमध्ये! डिस्क कंट्रोलरची एरर बफरमधून कधीच वाहून गेलेली, आणि बिघाड डिस्कचाच, मग डिस्कवर तरी कोण लिहिणार. कर्नलच्या कोडिंग स्टाईलमध्येसुद्धा आहे, ड्रायव्हर नीट चालत असला की शांत असतो.

मीच_तो_महाशय:
आळशी म्हणालो, परत म्हणतो. तुमचा सर्व्हर हाताशी आहे, आमची पेटी कुणाच्या तरी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी. तीन आठवड्यांतून एकदा मोडेम गायब. सगळे मेसेज पीआर-डीबगमध्ये (डीबग लेव्हलला छापणारा कॉल) आणि ते बाय डिफॉल्ट कंपाईलच होत नाहीत. मग काय, गच्चीवर अंथरूण टाकू?

रात्रपाळी:
डायनॅमिक डीबग २००९ पासून आहे. कंट्रोल फाईलमध्ये सोर्स फाईलचं नाव आणि अधिक पी लिहिलं की रीबूट न करता तेवढ्याच फाईलचे मेसेज चालू. तुम्ही तो बिल्डमध्ये घेतला नाही, हा दोष लेव्हलचा?

मीच_तो_महाशय:
पेटीत १६ एमबी फ्लॅश मेमरी होती साहेब, एकेक केबीसाठी भांडलोय. आणि मोडेम गेल्यावर डीबग चालू करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

सिरीयलवाला:
मेसेज फुकट नसतो हे कुणी बोलतच नाहीये. सिरीयल पोर्टवर ११५२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) ८० अक्षरांची ओळ जायला ७ मिलिसेकंद लागतात. आमचा एक बग डीबग चालू केला की गायब, बंद केला की हजर, चार दिवस डोकं धरून बसलो होतो. छापायला लागणाऱ्या वेळेमुळे दोन थ्रेड एकमेकांच्या अंगावर यायचेच नाहीत.

साडेपाच:
लेव्हल गेली खड्ड्यात, आधी वेळ नीट छापा. आमच्याकडे लॉगमध्ये ३:४० ला सर्व्हिस पडलेली, म्हणून रात्रीच्या ड्युटीवरच्या पोराला उभं केलं, बिचाऱ्याकडून लेखी खुलासा घेतला. लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होता! म्हणजे आपले सकाळचे ९:१०, ज्यानं खुलासा मागितला त्यानंच तेव्हा कॉन्फिग बदललेलं.

परगावचा:
यूटीसीच बरोबर आहे. तीन देशांतले लॉग एकत्र लावून बघा एकदा, इकडे तर घड्याळ वर्षातून दोनदा पुढेमागे होतं. साडेपाच मिळवता येत नसेल तर लॉग वाचू नये.

साडेपाच:
तुम्हाला शनिवारी दुपारी सुचतंय हे. पहाटे झोपेतून उठून बेरीज करा मग बोला. त्या पोरानं नंतर नोकरी सोडली.

परगावचा:
त्याबद्दल वाईट वाटतं, पण त्यात यूटीसीचा काय गुन्हा? वेळेच्या शेवटी झेड, म्हणजे यूटीसीची खूण, होता का? मग तो न वाचणाऱ्याकडून खुलासा घ्या.

सिरीयलवाला:
डीमेसेजला टी (घड्याळाची वेळ दाखवणारा पर्याय) लावला तरी लॅपटॉप मध्ये झोपून उठला असेल तर वेळ चुकते, मॅन्युअलमध्येच लिहिलंय. बूटपासूनचे सेकंद वाचा.

साडेपाच:
वा, म्हणजे आता सेकंदांचा गुणाकार पण मीच करायचा.

रात्रपाळी:
धागा लेव्हलचा आहे हो!! २०१४ मध्ये कर्नलच्या कमांड लाईनवरच्या "डीबग" या एका शब्दावरून लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स आणि सिस्टमडीवाले (लिनक्समध्ये सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्रॅम लिहिणारे) भांडले, ते तरी विषयाला धरून होते. मीच_तो, गच्चीचं मान्य, बिघाड परत घडवता येत नसेल तर काहीतरी छापलेलं हवं. पण एकदा छापा, दर दोन सेकंदांनी नको.

मीच_तो_महाशय:
आभारी आहे, उपकार झाले. लूपमधले मेसेज डीबगला ढकलतो. मोडेम गायब झाल्याचा मात्र इन्फोमध्येच राहणार.

रात्रपाळी:
मोडेम गायब झाला आणि इन्फो? वॉर्निंग तरी कर.

मीच_तो_महाशय:
म्हणजे दर तीन आठवड्यांनी कस्टमरचा फोन मीच घ्यायचा. नाही करत.