करडा कागद ही पळवाट आहे का?

रेघोट्या:
रविवारच्या वर्गात मास्तरांनी करडा कागद, कोळसा आणि पांढरा खडू हातात दिला. तासाभरात आम्ही सगळ्यांनी काढलेली डोकी म्युझियममधल्या चित्रांसारखी दिसायला लागली. तिथेच मला संशय आला. मधला टोन, म्हणजे उजेड आणि सावलीमधली छटा, कागदच देतो, आपण फक्त काळं आणि पांढरं टाकायचं. पांढऱ्या कागदावर उजेड पहिल्यापासून राखावा लागतो, इथे मागाहून लावता येतो. जुन्या चित्रकारांचं अर्धं कौतुक कागदालाच जायला हवं, असं माझं मत.

खडूचा_तुकडा:
साफ असहमत. जर्मन चित्रकार ड्यूररचे जोडलेले हात बघा (१५०८, व्हिएन्नाचं अल्बर्टिना संग्रहालय). निळा थर दिलेल्या कागदावर ब्रशने, बारीक रेघांनी काढलेत. बोटांच्या पेरांवर, शिरांवर पांढऱ्या रेघा इतक्या मोजक्या की चार जास्त पडल्या असत्या तर हात प्लास्टरचे वाटले असते. चर्चमधल्या ज्या वेदीचित्रासाठी हा अभ्यास केला, त्याचा मधला भाग १७२९ साली आगीत गेला. हात राहिले.

आणि खडू कोळशात घोळलात की गार, मातकट राख होते. ती झाकून दाखवा. दोघांच्या मधे कागद उघडा सोडावा लागतो, आणि नवख्याला नेमकं तेच जमत नाही.

चिंधी_बाजार:
दोघंही हा कागद चित्रकाराने हौसेने निवडला असं धरून चाललाय. कागद चिंध्यांचा व्हायचा. पांढऱ्या तागाच्या चिंध्यांचा पांढरा, महाग. रंगीत आणि मिसळ चिंध्यांचा करडा, निळा, जाडाभरडा. तो पुड्या बांधायला जायचा. युरोपात साखरेचे गड्डे निळ्या कागदात गुंडाळत. क्लोरीनने लगदा पांढरा करणं अठराव्या शतकाच्या अखेरीस आलं. व्हेनिसमध्ये निळा कागद सहज मिळे. ड्यूररने तिथे १५०६ साली त्यावर काम केलं, आणि घरी परतल्यावर मात्र कागदाला स्वतः रंग द्यायला लागला. पुडीच्या कागदाची अशी चटक लागते!

रेघोट्या:
हे माहीत नव्हतं. पण मग मी फ्रेंच चित्रकार प्रूदाँची विवस्त्र मॉडेल्स करड्या कागदावर पाहिली, ती?

चिंधी_बाजार:
त्यातली बरीच निळ्यावर काढलेली. उजेडाने निळा विटला, करडा-तपकिरी झाला. अशा जुन्या चित्रांत माउंटखाली, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड कधीकधी अजून निळी सापडते. म्हणजे आपण ज्या करड्याची नक्कल करतो, तो कधीकधी नुसता विटलेला निळा असतो.

खडूचा_तुकडा:
+१. तरी प्रूदाँचा पांढरा खडू बघा, मांडीवरून कसा सरकतो. कागद विटला तरी शरीर गोल राहिलंय. ते श्रेय कागदाला देणार का?

रेघोट्या:
प्रूदाँला नाही देत. पण त्यांच्या वेळी रंगीत कागद स्वस्त होता, आज दुकानात तोच पांढऱ्यापेक्षा महाग पडतो. आपण परिणाम विकत घेतो, हा मुद्दा मागे घेत नाही.

खडूचा_तुकडा:
मग एक करा. पहिला अर्धा तास खडू खिशातच ठेवा.

रेघोट्या: (पुढच्या रविवारी)
ठेवला. काळ्याने सगळं बसवून झाल्यावर कपाळ, नाकाचा शेंडा, खालचा ओठ अशा तीनच रेघा मारल्या. मास्तर म्हणाले, ओठावरची नसती तरी चाललं असतं.