मदत हवी आहे: जुन्या टाटा झेनॉन फोर बाय फोर पिकअपला लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं)

मूळ टायर 235/70 आर 16, व्यास साधारण 735 मिमी. आता 245/75 घालायचेत, व्यास 774. टायरमुळेच गाडी 19 मिमी वर जाईल, पण पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासेल.

पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे) ताणून उंची मिळते, पण चाकाला खाली सुटायला जागा उरत नाही. बॉल जॉइंट (चाकाचे गोल सांधे), सीव्ही बूट (पुढच्या एक्सलच्या सांध्यावरचं रबरी कव्हर) लवकर जातात. एक इंचावर थांबावं का?

मागे स्प्रिंगमध्ये जादा पाटा की लांब शॅकल (पाटे चासीला जोडणारी कडी)? एक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा नकोच, ब्रेक मारताना पाटे पिळतात. वेल्ह्याच्या घाटात मागे तीनेकशे किलो माल असतो, तेव्हा जादा पाटाच बरा वाटतो. रिकामी गाडी आपटेल, चालेल.

लिफ्टनंतर कॅम्बर-कास्टर (चाकाचा आत-बाहेरचा आणि स्टीअरिंगच्या आसाचा पुढे-मागचा कल) खरंच जुळवून देणारा पुण्यात कोण? नुसता टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) बघणारे नकोत.