घबाड म्हणजे नेमकं काय? तुमचे अनुभव सांगा

मी कोल्हापुरात राहतो, भाषांतराचं काम करतो. तेलाच्या बातम्यांत 'विंडफॉल टॅक्स' आला आणि मी अडलो. केंद्रानं हा कर १ जुलै २०२२ ला लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकला. युक्रेन युद्धामुळं जगभर तेल महागलं, विहिरी त्याच, कष्टही तेच, पण तेल काढणाऱ्या कंपन्यांचा नफा फुगला, म्हणून तो कर. 'अनपेक्षित नफा कर' असं लिहून काम दिलं खरं, पण समाधान झालं नाही. मूळ इंग्रजी शब्दात वाऱ्यानं पडलेलं फळ आहे. आपलं 'घबाड' तसं नाही. पेपरवाले छाप्यात काय सापडलं तर 'मोठं घबाड' लिहितात. म्हणजे ज्याच्या हाती लागलं त्याचा त्यावर हक्क आहे का, ही शंका शब्दातच बसलेली आहे. पडलेल्या फळाच्या मागं ती शंका नाही.

तुम्हाला कधी असं काही मिळालंय का? लोक त्याला काय म्हणाले आणि तुम्ही काय म्हणालात, दोन्ही सांगा. नावं नकोत, गाव आणि काम पुरे.

आजरा, शिक्षिका

वाऱ्यानं पडलेल्या फळाचं मी सांगते. आमच्या परड्यात रायवळ आंब्याची चार झाडं होती. एप्रिल-मे मध्ये वळीव यायच्या आधी वावटळ सुटायची आणि आम्ही पोरं पाट्या घेऊन झाडाखाली. पत्र्यावर कैऱ्या पडल्याचा धाडधाड आवाज अजून कानात आहे. आमच्यासाठी तो सण होता. आजोबा मात्र सोप्यात गप्प बसून असायचे. झाडं मोहोरातच व्यापाऱ्याला दिलेली असली तर बरं, नाहीतर ते नुकसान घरचंच. वर्षाचा माल एका तासात खाली. कैरी आपटली की आतून काळी पडते, पिकायला घालता येत नाही. मग आई आणि काकी रात्री उशिरापर्यंत विळीवर बसायच्या, लोणच्याच्या फोडी एकीकडं, आंबोशीच्या दुसरीकडं.

आणि एक फरक आमच्याकडं पक्का होता. झाडावर पिकून आपोआप गळतो तो पाडाचा आंबा, तो ज्याला सापडला त्याचा. वाऱ्यानं झडलेली कैरी घरात आणून द्यायची.

शाहूपुरी, गुळाचा व्यापार

घबाड हा शब्द आमच्या घरात वाईट अर्थानं कधी आला नाही. पंचांगात 'घबाड' दिलेलं असतं, शुभ मुहूर्त म्हणून. आजोबा नवीन वही, मोठी खरेदी घबाड बघूनच करायचे. एका वर्षी शीतगृहात ठेवलेल्या गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, दर आमच्या अंदाजापेक्षा बराच चढला. बाजारात सगळे म्हणाले, घबाड लागलं. त्याच्या आदल्या वर्षी गूळ पाघळून काळा पडला होता, तेव्हा कोण काय म्हणालं नव्हतं.

करवीर तालुका, दोन म्हशी

दिवाळीच्या तोंडावर दूध फरक जमा होतो. गावातल्या संस्थेत माझ्या पुस्तकावर मागल्या साली ९,४०० रुपये आले. पुण्याची जाऊ फोनवर म्हणाली, "अगं, तुला घबाडच लागलं की!" मला ते लागलं मनाला. पहाटे साडेचारला मी धार काढायला बसते, थंडीत बोटं आखडतात. फॅट कमी लागली की दर कमी. वर्षभर घातलेल्या दुधाचे राहिलेले पैसे ते, लिटरच्या हिशोबानं. मी तिला म्हटलं, "वहिनी, ह्ये माझंच हाय, उशिरा आलंय एवढंच." ऊसवाल्यांच्या दुसऱ्या हप्त्याचं पण तसंच. शहरातल्या माणसाला एकदम आलेली रक्कम दिसते, अठरा महिन्यांचा ऊस दिसत नाही.

महामार्गाकडेचं गाव, शेती

आमची ३२ गुंठे जमीन रस्त्यात गेली. २०१३ च्या कायद्यानं किंमत ठरते आणि तिच्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते, त्यामुळं आकडा मोठा दिसतो. पैसे खात्यावर आले त्या आठवड्यात गाड्यांच्या दुकानातून दोन फोन. वीस वर्षांत न फिरकलेले पावणे जेवायला आले. तालुक्याला गेलो की "काय, करोडपती!"

त्या तुकड्यात विहीर होती. आमच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी स्वतः सुरुंग लावून फोडलेली. मोबदल्याच्या कागदात ती एका ओळीत आहे. बुजवायला जेसीबी आला तेव्हा वडील बांधावर उभे होते. पहिली बकेट आत पडली, पाण्याचा आवाज झाला आणि ते घरी निघून गेले. त्यानंतर त्या बाजूला गेलेच नाहीत. पैशातनं दुसरीकडं २० गुंठे घेतले, तिथं बोअरला पाणी नाही. ह्याला कुणी घबाड म्हटलं की मी उठून जातो.

राजारामपुरी, करसल्लागार

थोडक्यात सांगतो, कारण हे लोकांना आधी माहीत नसतं. लॉटरीच्या बक्षिसावर सरळ ३० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर, त्यातून खर्च वजा होत नाही. वारसानं आलेल्या रकमेवर आयकर नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ चा कायदा आहे. किंमत दहा रुपयांवर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडा जुनाच राहिला आहे.

मंगळवार पेठ, निवृत्त

आई गेल्यावर तिची ज्ञानेश्वरी उघडली. अकराव्या अध्यायात ठेव पावती, घडीवर जोतिबाच्या गुलालाचा डाग. मुदत संपून सोळा वर्षं झालेली. दहा वर्षं हक्क सांगितला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसाला ती परत मागता येते. २०२३ पासून 'उद्गम' संकेतस्थळावर नाव घालून शोधताही येतं. आम्हाला चार महिने लागले. पैसे आले. आई शिवणकाम करायची, ब्लाउजला आठ-दहा रुपये. किती ब्लाउज झाले असतील याचा हिशोब बहीण आणि मी करत बसलो आणि मध्येच थांबलो.

धागाकर्ता

वाचतोय. अजून तरी कुणी मिळालेल्या पैशाला स्वतःहून घबाड म्हटलेलं नाही, जिथं म्हटलं तिथं ते दुसऱ्यांनी म्हटलंय. हे मला भाषांतर करताना सुचलं नव्हतं.

प्रयाग चिखलीजवळ, शेती आणि नोकरी

२०१९ चा पूर. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आठवडाभरानं परत आलो तर घरात गुडघाभर गाळ. परड्यात मात्र पाण्यानं आणलेलं काय काय होतं: ओंडके, नारळ, एक प्लॅस्टिकची खुर्ची. थोरला चुलता म्हणाला, "नदीनं दिलेलं घ्यावं. खूण असलेलं ठेवू न्हाई."

गोठ्याच्या भिंतीला एक स्टीलचा डबा अडकला होता, झाकण गच्च. गाळ पुसला तर वर कोरलेलं, 'लग्नानिमित्त मामाकडून सप्रेम भेट', खाली नाव, गाव आणि तारीख. आत उन्हाळ्यात केलेल्या शेवया. एवढ्या पाण्यातनं आल्या आणि कोरड्या! गाव वरच्या अंगाला, सात-आठ किलोमीटरवर. रस्ता सुरू झाल्यावर आई आणि मी गाडीवरनं गेलो. त्या बाईंचं घर निम्मं पडलेलं, भांड्यांतलं काही राहिलं नव्हतं. डबा बघून त्या खालीच बसल्या. नावावरनं बोट फिरवत राहिल्या.

आम्ही निघताना त्यांनी निम्म्या शेवया पिशवीत घालून आईच्या हातात दिल्या. आई नको नको म्हणत होती. आमच्या चुलीत अजून गाळ होता, म्हणून शेजारणीच्या स्टोव्हवर त्याच रात्री खीर केली.