मदत हवी आहे : चौकातील पार्किंग आणि झाकलेले फलक

सर्वांना नमस्कार. आमच्या वसाहतीजवळच्या चौकात कोपऱ्यापर्यंत टेम्पो आणि रिक्षा उभ्या असतात, त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलांना समोरून येणारे वाहन दिसावे म्हणून अक्षरशः रस्त्यात दोन पावले उतरावे लागते. ‘नो पार्किंग’चा फलक तिथे आहे, पण निळी तबकडी गुलमोहराच्या फांदीआड गेली आहे आणि खांबाला शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला आहे. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टेही पुसट झाले आहेत.

मोटार वाहन (वाहनचालन) विनियम, २०१७ नुसार चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत वाहन उभे करण्यास मनाई आहे, आणि धोकादायक स्थितीत उभे केलेले वाहन मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली येते. नियम इतका स्पष्ट असताना फलक दिसत नाही म्हणून कारवाई टळावी, हे मला मान्य नाही.

अडचण अशी की, महानगरपालिकेच्या पथ विभागात गेलो तर पार्किंगचा आदेश वाहतूक पोलिसांनी काढायचा असतो असे सांगतात, आणि पोलिसांकडे गेलो तर फलक व पट्टे पालिकेचे काम म्हणतात. दोन्ही कार्यालयांना एकच संयुक्त अर्ज देऊन अधिकाऱ्यांची एकत्रित स्थळपाहणी कोणी घडवून आणली आहे का? अर्जाचा मसुदा, सोबत जोडलेली छायाचित्रे आणि पाठपुरावा नेमका कोणत्या अधिकाऱ्याकडे केला, हे कृपया कळवावे. कोपऱ्यावर बोलार्ड (वाहने अडवणारे आखूड खांब) बसवून घेतले असल्यास त्याचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.