मदत हवी आहे : गुन्हा कबूल करून दंड भरावा की खटला लढवावा?

नमस्कार. माझ्या भाच्याच्या मोटारीची चौकात एका दुचाकीला धडक बसून दुचाकीस्वाराला किरकोळ दुखापत झाली, आणि भाच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे) व १२५(अ) (निष्काळजी कृत्याने दुखापत करणे) तसेच मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ (धोकादायक रीतीने वाहन चालवणे) खाली गुन्हा दाखल होऊन आता न्यायालयाचे समन्स आले आहे.

‘कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा’ असे अनेक जण सुचवतात; मला मात्र हा सल्ला घाईचा वाटतो, कारण कबुलीनंतर होते ती दोषसिद्धी, आणि तो सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करत आहे. शिवाय फिर्यादीत केवळ ‘भरधाव वेगात’ एवढेच म्हटले आहे, तर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात नुसत्या वेगावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही असे स्पष्ट केले आहे. दोषारोपपत्राची व जबाबांची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. निदान ती वाचूनच निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे.

जखमी गृहस्थ तडजोडीस तयार आहेत. दुखापतीचे कलम आपसांत मिटले तरी २८१ साठी उच्च न्यायालयातच जावे लागते का? कबुलीचा परिणाम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील भरपाईवर होतो का? फौजदारी खटले चालवणाऱ्या वकिलांनी कृपया मार्गदर्शन करावे.