अभ्यास कसा करायचा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

लालबागची_लेक

काल संध्याकाळी शेजारची आठवीतली मुलगी चाचणीचा गणिताचा पेपर घेऊन आली. २० पैकी ११. मागोमाग तिची आई. "सगळ्या सिली मिस्टेक आहेत हो ताई, येतं तिला सगळं." पेपर हातात घेतला आणि तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचा बाईंचा आवाज कानात आला. "सिली मिस्टेक असं चुकीचं नाव नसतं. खरं नाव सांग."

लालबागला आमच्या चाळीत बाई शिकवणी घ्यायच्या. दहा बाय बाराची खोली, दहा-बारा मुलं, उरलेली गॅलरीत. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे वडील गिरणीतले. १९८२च्या संपानंतर कुणाच्या घरी पगार येत होता, कुणाच्या नाही. बाई फीचं विचारायच्या नाहीत. पण प्रत्येकाकडे शंभर पानी वही हवी म्हणजे हवी. ती चुकांची वही. पानावर तीन रकाने: "कळलंच नव्हतं", "कळलं होतं पण आठवलं नाही" आणि "येत होतं, हात घसरला". पेपर मिळाला की गेलेला प्रत्येक मार्क कुठल्यातरी एका रकान्यात बसवायचा. शनिवारी मोजायचं.

मी नववीत होते. सहामाहीला बीजगणितात १४ चुका. मला वाटत होतं मला गणित येतच नाही. रकाने भरले तर ९ चुका एकाच जागी! बरोबरच्या चिन्हापलीकडे पद नेताना उणे चिन्ह बदलायचं राहत होतं. बाईंनी आठवडाभर दुसरं काही दिलं नाही. समीकरण उतरवायचं, सगळ्या चिन्हांना लाल पेनाने गोल करायचे, मगच सोडवायला घ्यायचं. तेव्हा बीजगणित-भूमिती ७५-७५ मार्कांची असायची. दहावीला बीजगणितात ६८ पडले. पण मार्कांपेक्षा मोठं काही त्या वहीने दिलं. "मी ढ आहे" हे वाक्य गेलं आणि "माझं चिन्ह चुकतं" हे आलं. दुसऱ्यावर इलाज करता येतो.

काल शेजारणीच्या मुलीबरोबर तेच करून पाहिलं. गेलेल्या नऊपैकी पाच मार्क एकाच ठिकाणी. उणे ३, कंसात क्ष वजा ४. उत्तर लिहिलेलं, उणे ३ क्ष वजा १२. "उणे गुणिले उणे अधिक" हे तिला तोंडपाठ होतं, पण बाहेरचं उणे कंसातल्या दुसऱ्या पदापर्यंत पोचतच नव्हतं. तिला ते दिसलं तेव्हाचा तिचा चेहरा बघायला हवा होता.

विषय शिकवणारे खूप भेटतात. शिकायचं कसं हे कोणी शिकवलं, नेमकं काय केलं, ते लिहा ना. शिक्षक असाल तर वर्गात काय चाललं तेही लिहा.

गॅलरीतली_सकाळ

कुठली चाळ गं? गणेश गल्लीच्या बाजूची का? आमच्याकडे मार्च महिन्यात अख्ख्या मजल्यावर टीव्ही बंद असायचे. ज्यांच्या घरी दहावीला कोणी नाही, तेही बंद ठेवायचे. कोणी सांगितलेलं नव्हतं.

लालबागची_लेक

हो हो, तिकडचीच! आणि पेपरच्या दिवशी पहाटेच्या पाण्याच्या रांगेत आईला पुढे सोडायचे.

डोंबिवली_स्लो

मी रात्रशाळेचा. दिवसा परळला कँटीनमध्ये काम, साडेसहाला शाळा. घरी पोचायला अकरा, मग अभ्यास कधी करणार? आमचे इतिहासाचे सर भांडुपला राहायचे, मी डोंबिवलीला. एकदा म्हणाले, फास्ट लोकलच्या मागे धावू नकोस, माझ्याबरोबर स्लोला चल. गाडीत पुस्तक उघडू द्यायचे नाहीत. शीव आलं की विचारायचे, आज काय झालं सांग. सांगायचो अर्धंमुर्धं. ते काही दुरुस्त करायचे नाहीत, नुसते ऐकायचे. घाटकोपरला पुन्हा तेच. तोवर मधे दोन गोष्टी आठवलेल्या असायच्या. भांडुपला उतरायच्या आधी तिसऱ्यांदा, आणि अडलेलं तेवढं ते सांगायचे. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न कालचा.

दोन वर्षं असं चाललं. सर उतरले की मी पुढे मुलुंड, ठाणे, दिवा स्वतःलाच विचारत जायचो. दहावी पहिल्या झटक्यात सुटलो. आज माझा मुलगा पुस्तकात पिवळ्या पेनाने रेघा मारत बसतो. त्याला म्हणतो, मिटव आणि सांग.

मानस

डोंबिवली_स्लो, अंगावर काटा आला वाचताना. सरांनी केलं त्याला मानसशास्त्रात जुना आधार आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला. निरर्थक अक्षरगट पाठ करायचा आणि किती वेळाने किती उरतं ते मोजायचा. पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त गळतं, नंतर वेग मंदावतो. म्हणून थोड्या थोड्या अंतराने आठवून बघितलं की टिकतं. आणि नुसतं परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवणं जास्त कामाचं, हे नंतरच्या अनेक प्रयोगांत दिसलंय. परत वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की येतं असं वाटतं. फसगत तिथेच होते.

डोंबिवली_स्लो

हे माहीत नव्हतं. सर असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

फळा_आणि_डस्टर

मी पालिकेच्या शाळेत पाचवीला शिकवते, मानखुर्दला. मधल्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

नवीन होते तेव्हा प्रश्न विचारला रे विचारला की पहिल्या बाकावरचे तेच तीन हात वर. त्यांचं उत्तर घेतलं की मला वाटायचं वर्गाला कळलं. बीएडला मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेच्या कामाबद्दल शिकलो होतो. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. वर्गात करून बघितलं तेव्हा कळलं तीन सेकंद किती मोठे असतात! हात पाठीमागे घेऊन डस्टरवर बोटाने मोजायचे. एक. दोन. तीन. "हात वर करायचे नाहीत, मी नाव घेईन" हे आधीच सांगून ठेवलेलं.

पाऊस कसा पडतो हा धडा होता. मोजलं, थांबले, आणि जूनपासून एक शब्द न बोललेल्या मुलाचं नाव घेतलं. तो उठला. पुन्हा थांबले. म्हणाला, "बाई, भाताच्या टोपावरच्या झाकणाला आतून घाम येतो. झाकण जास्त गार असलं की थेंब मोठा होतो नि पडतो." पुस्तकातल्या सांद्रीभवनाच्या व्याख्येत हे नाही. अख्खा वर्ग त्याच्याकडे वळून बघत होता.

घंटा झाली, पुढचं नंतर.

अनघा_ठाणे

किती सुंदर. डोळे भरून आले.

दोन_बाय_दोन

शिक्षक मंडळी आहेत म्हणून विचारते. लेक दुसरीत आहे, मराठी माध्यम. एकोणऐंशी म्हटलं की ८९ लिहिते. ऐंशी ऐकू आलं की आठ लिहून मोकळी. ओरडून झालं, रडून झालं.

गिरगावकर_आजोबा

म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस दोन" अशी वाचनाची पद्धत दिली होती. केवढा गदारोळ झाला. मीही तावातावाने विरोधात होतो, मराठी बुडणार म्हणत. बालभारतीच्या गणित समितीवरच्या मंगलाताई नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत लहान मुलं अडखळतात, म्हणून ही सोय. पुढे नातवाला घेऊन बसलो तेव्हा पटलं. बावीसमध्ये दोन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र नंतर. आम्हाला कधी खटकलं नाही, कारण लहानपणी पाढे रेटून रेटून ते अंगवळणी पडलेलं.

फळा_आणि_डस्टर

दोन_बाय_दोन, ओरडू नका हो, तिचं कान देऊन ऐकणं बरोबरच आहे. दहाच्या खोट्या नोटा आणि सुटी नाणी घ्या. "एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी" असं म्हणत आधी आठ नोटा मांडायच्या, मग त्यातली एक मोडून दहा सुटे, त्यातलं एक काढून घ्यायचं. उरल्या सात नोटा आणि नऊ सुटे. तिने स्वतः मोडली पाहिजे नोट, तुम्ही नाही. आठवडाभर फक्त एकोण-वाले घ्या: २९, ३९, ४९...

दोन_बाय_दोन

आज रात्रीच करते. खूप आभार बाई.

जोगेश्वरी_पूर्व

२००३-०४ला वर्षभर 'प्रथम' या शिक्षणसंस्थेच्या वर्गावर स्वयंसेवक होते, बारावी झाल्या झाल्या. १९९५ला मुंबईतच सुरू झालेलं त्यांचं काम. तिथे पहिली गोष्ट शिकले ती ही, की मूल कितवीत आहे हे बाजूला ठेवा, त्याला आत्ता काय वाचता येतं ते बघा. अक्षरं? शब्द? परिच्छेद? गोष्ट? त्याप्रमाणे गट. पाचवीतला एक उंच मुलगा अक्षरांच्या गटात आला. दुसरी-तिसरीतल्या मुलांत बसायला लाजून तोंड भिंतीकडे करायचा. मग बाराखडीचा तक्ता धरायचं काम त्याला दिलं, इतरांचे हात पोचायचे नाहीत. तक्ता धरून धरून तोच सगळ्यांत आधी "शब्द"मध्ये गेला. पावसाळ्यात वर्गात पाणी यायचं, तक्ता डोक्यावर धरून उभा राहायचा. आता कुठे असेल, खूप वाटतं भेटावं.

उषा_मा

आमचा अनुभव उलटा आहे, पण लिहिते. लेकीला अकरावी-बारावीच्या एका मोठ्या क्लासला घातलं होतं. दोन वर्षांची फी आगाऊ. दर रविवारी परीक्षा, मार्कांप्रमाणे बॅच बदलायची, यादी दारावर. तीन महिन्यांत ती वरच्या बॅचमधून शेवटच्या बॅचमध्ये. शेवटच्या बॅचला चांगले शिक्षक नाहीत, शंका विचारायची सोय नाही. कुठे चुकतेय हे एकदाही कोणी सांगितलं नाही, फक्त कितवी आली ते. रविवारी सकाळी उलट्या व्हायला लागल्या. काढलं आम्ही. फी परत मिळाली नाही. धाग्याच्या पहिल्या पोस्टमधली वही वाचून वाटलं, तेव्हा असं कोणी भेटायला हवं होतं.

अनघा_ठाणे

उषाताई, कशी आहे आता ती?

उषा_मा

बरी आहे. घरी शिकवायला एक निवृत्त सर यायचे. पहिले पंधरा दिवस त्यांनी शिकवलंच नाही. तिलाच शिकवायला लावायचे, आणि ते विद्यार्थ्यासारखे वही घेऊन समोर. जिथे ती अडायची तिथे खूण करायचे. आता बीएस्सीला आहे, दुसऱ्या वर्षाला.

वकील_वडाळा

उषा_मा, तुमचं होऊन गेलं, पण इतरांसाठी लिहितो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पूर्ण फी भरून मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी हिशोबाने १० दिवसांत परत द्यावी, असं त्यात आहे. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, असंही आहे. पावती जपा आणि क्लास सोडल्याचं लेखी कळवा. तोंडी सांगून घरी येऊ नका.

गॅलरीतली_सकाळ

पावतीवरून आठवलं, आमच्या शिकवणीची फी आई तांदळाच्या डब्यात ठेवायची. नोटांना तांदळाचा वास यायचा, सरांना महिना संपला की वासावरून कळायचं आमची फी आली.

लालबागची_लेक

सगळ्यांचं वाचतेय, पोळ्या करता करता. उषाताई, लेकीला माझा नमस्कार सांगा, उलट्यांचं वाचून जीव कळवळला.

मघाशी शेजारची मुलगी वही घेऊन आली होती. विज्ञानाचाही पेपर मिळाला. तिने रकाने स्वतःच आखलेत, पण तीन नाही, चार. चौथ्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, "विचारायचं होतं, लाज वाटली". त्यात सहा मार्क. मला काही बोलायलाच सुचेना. जवळ घेतलं फक्त.

फळा_आणि_डस्टर

हा चौथा रकाना माझ्या वर्गात घेऊ का? तिला विचारून सांगा. वही आईबाबांना दाखवायची नाही असं मुलांना आधी सांगीन, नाहीतर तो रकाना कोरा राहील.

लालबागची_लेक

विचारलं. "घ्या म्हणावं" म्हणाली, आणि तुमच्या वर्गात किती मार्क त्या रकान्यात जातात ते तिला कळवायचं आहे म्हणे. सोमवारी लिहाल?

फळा_आणि_डस्टर

सोमवारी सुट्टी आहे. मंगळवारी नक्की.