धबधब्याची झाडं तपकिरी, नाटकातला काळा कोट जांभळा: लेन्स बदलू की आयआर कट फिल्टर घेऊ?

चिरेबंदी (फोंडा)
मंडळी, जरा सल्ला हवाय. दुकानात विचारलं की ते थेट नवीन लेन्स काढून काउंटरवर ठेवतात म्हणून इथे विचारतोय. माझ्याकडे एक सेकंडहँड फुलफ्रेम मिररलेस आहे, बऱ्यापैकी जुनं मॉडेल, त्यावर २४-७० चा झूम आणि अडॅप्टर लावून एक जुनी सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४. परवा हरवळेच्या धबधब्यावर १० स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा काळपट फिल्टर) लावून लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढले, पाणी झकास आलं पण भोवतालची हिरवीगार झाडं मेल्यासारखी पिवळट तपकिरी आणि ओले काळे खडक चक्क वांग्याच्या रंगाचे! एनडी काढला की सगळं नॉर्मल.

दुसरं, गावच्या उत्सवी नाटकाचे फोटो दरवर्षी माझ्याच गळ्यात असतात. तिथे वकिलाचं काम करणाऱ्याचा काळा कोट जांभळट येतो, आणि गंमत म्हणजे त्याच्याच शेजारी उभा असलेल्याची काळी टोपी काळीच राहते. तिसरं, टाकुमारने काढलेलं सगळंच पिवळसर आणि झूमने काढलेलं थंड, एकाच कार्यक्रमाचे फोटो वेगवेगळ्या दिवशी काढल्यासारखे दिसतात. कोणी म्हणतं सेन्सर गेला, कोणी म्हणतं झूमचं कोटिंग खराब. बजेट बेताचं आहे आणि चवथीच्या आधी ठरवायचंय. लेन्स बदलू, फिल्टर घेऊ, की बॉडीच विकून टाकू?

कोकमसोलं (मडगाव)
सगळा व्हाइट बॅलन्सचा (उजेडाप्रमाणे फोटोचे रंग जुळवायच्या सेटिंगचा) घोळ आहे रे. मी लग्नं करते, कुळागरात फोटो काढले की पोफळींच्या खाली नवरी हिरवी दिसते, तिथे ऑटोवर सोडलं की संपलंच. ग्रे कार्ड (रंग जुळवायला फ्रेममध्ये धरायचं राखाडी कार्ड) ठेव, रॉ मध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढ, नंतर एका क्लिकमध्ये सगळं सरळ होतं. लेन्स वगैरे काही बदलू नको.

चिरेबंदी
ताई, रॉ मध्येच काढतो. कोटावर क्लिक करून काळा केला तर चेहरे हिरवे पडतात. चेहरे नीट केले की कोट परत जांभळा.

मांडवीकाठ (पणजी)
चिरेबंदीबाब, तुम्ही आत्ता जे शेवटचं लिहिलंत ना, त्यातच अर्धं उत्तर आहे. तुमचे तीन प्रॉब्लेम एक नाहीत, वेगवेगळे आहेत, त्यामुळे एकाच वस्तूने तिन्ही सुटणार नाहीत. मी शूटिंगला कॅमेरा असिस्टंट म्हणून जातो, आमच्याकडे यातल्या पहिल्या दोघांना आयआर (इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा डोळ्याला न दिसणारा उजेड) पोल्युशन म्हणतात आणि एनडी लावला की पहिली भीती तीच असते.

सिलिकॉनच्या सेन्सरला आपल्या डोळ्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. आपली नजर साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये संपते, सेन्सर मात्र ११०० च्या आसपासपर्यंत बघतो. त्याच्यावर जे लाल हिरवे निळे रंगीत चौकोन असतात ते रंग इन्फ्रारेड अडवतच नाहीत, ८०० च्या पुढे तर तिन्ही जवळपास आरपार. म्हणून कंपनी सेन्सरच्या पुढे एक आयआर कट काच बसवते. ती काच कुठे सुरू होते, किती कडक अडवते हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं, आणि जुन्या बऱ्याच बॉड्यांमध्ये ती जरा ढिली असते. थोडंसं इन्फ्रारेड आत येतं, एरवी ते इतकं कमी की कळत नाही.

आता १० स्टॉपचा एनडी लावा. दिसणारा प्रकाश जवळपास हजारावा भाग उरला (१०२४ धरा). पण साध्या एनडीतला रंग ७०० च्या पुढे फारसं काही अडवत नाही, म्हणजे इन्फ्रारेड तसंच आत. तुम्ही शटर हजारपट जास्त वेळ उघडं ठेवलंत, तर ती जी क्षुल्लक गळती होती ती पण हजारपट जमा झाली. झाली ना दखल घेण्याजोगी? आणि पानं तर इन्फ्रारेडची चाहतीच, हिरवं पान ६८०-७०० पर्यंत लाल खाऊन टाकतं आणि त्याच्या लगेच पुढे एकदम उसळी मारून परत फेकतं. इन्फ्रारेड फोटोत झाडं पांढरी दिसतात ती यामुळेच, रॉबर्ट वुड या शास्त्रज्ञाने असे फोटो १९१० मध्ये दाखवले म्हणून त्याला वुड इफेक्ट म्हणतात. ती उसळी तुमच्या सेन्सरच्या लाल चौकोनात सगळ्यात जास्त शिरते, हिरव्यात लाल मिसळलं की पिवळं-तपकिरी. हरवळेला झाडी केवढी आहे ते सांगायला नको.

कोटाचं तेच, फक्त तिथे एनडी नाही, दिवे आहेत. उत्सवाच्या स्टेजवर अजून पार कॅन असतील ना, हॅलोजनवाले? त्यांचा बहुतेक सगळा उजेड इन्फ्रारेडच असतो, आपल्याला उष्णता म्हणून लागतो. टेरिलीन पॉलिस्टरच्या कापडातले बरेच काळे रंग डोळ्याला काळे पण इन्फ्रारेडला पारदर्शक, त्यामुळे कोट चमकतो. टोपीचं कापड किंवा रंग वेगळा असणार म्हणून ती काळीच राहिली. कोकमसोलंताई, म्हणून ग्रे कार्डाने हे जात नाही. व्हाइट बॅलन्स पूर्ण फ्रेमला एकाच आकड्याने गुणतो, इथे प्रत्येक कापडात भर वेगळी पडलीय.

कोकमसोलं
हां हे पटलं. मग माझ्याकडे रिसेप्शनला काळे सूट ठीक येतात ते हॉलमध्ये सगळे एलईडी म्हणून का?

मांडवीकाठ
बरोबर. पांढऱ्या एलईडीत ७५० च्या पुढे जवळपास काहीच नसतं. चिरेबंदी, देवळाच्या कमिटीला सांगून दिवे बदलून घ्या, सगळ्यात स्वस्त आयआर फिल्टर तोच, पैसे पण त्यांचे 😄 फक्त निळे एलईडी लावू देऊ नका, त्यांचा सगळा जोर ४५०-४६० च्या बारीक पट्ट्यात असतो, निळा चॅनल (फोटोतला निळ्या रंगाचा भाग) फुटतो आणि नटाच्या चेहऱ्याचा नुसता निळा डाग होतो.

जुनी_काच (म्हापसा)
लेन्सचं मी सांगतो. ती टाकुमार ५०/१.४ सात काचांची असेल तर तिच्यात थोरियमची काच आहे, म्हणजे किंचित किरणोत्सारी. घाबरायचं कारण नाही, पण तिचाच परिणाम म्हणून काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. मागून पांढरा कागद धरून आरपार बघ, चहासारखी दिसली तर तीच. उपाय म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. उन्हात खिडकीशी ठेवली तर काही आठवड्यांत बरीच निवळते, यूव्हीचा छोटा एलईडी दिवा मिळाला तर अजून लवकर. उन्हात ठेवताना एका बाजूला फॉइल लावून बंद कर, नाहीतर भिंगातून पडदा पेटवशील. आणि आत्ता या पावसात ऊन कुठलं, दिवाच बघ.

हा पिवळा मात्र पूर्ण फ्रेमवर सारखा असतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्सने जवळजवळ सगळा जातो. जात नाही ते एवढंच की निळा उजेड काचेतच खाल्ला गेला, म्हणून निळा चॅनल ओढावा लागतो आणि सावलीत नॉइज (दाणे) येतो. लेन्सालेन्समधला रंगाचा फरक हा बहुतेक असाच असतो, काच कुठली, कोटिंग कुठलं, किती काचा. त्याला मोजायचं आयएसओ ६७२८ नावाचं मानकसुद्धा आहे. फिल्म होती तेव्हा ते महत्त्वाचं होतं, स्लाइड काढली की संपलं, दुरुस्ती नाही. आता रॉ मध्ये मला त्याची फारशी पर्वा वाटत नाही, "अमुक लेन्सचे रंग" म्हणून जे पुराण चालतं त्यातलं निम्मं कोटिंग आणि फ्लेअरचं असतं. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड परत फेकतो, तो आत फिरत बसतो आणि सावल्या धुरकट होतात, रंग फिके. आणि आपल्याकडे त्यात बुरशीची भर. झूम टॉर्च मारून बघ आधी, जाळं दिसलं तर रंगाचं काय विचारतोस.

चिरेबंदी
टॉर्च मारून बघितलं, झूम स्वच्छ आहे. टाकुमार मात्र कोऱ्या चहासारखीच 😅 मग यूव्ही-आयआर कट घेतला की धबधबा आणि नाटक दोन्ही सुटेल ना? कुठला घेऊ?

मांडवीकाठ
एकाच फिल्टरवर दोन्ही कामं ढकलू नका. सांगतो का.

हे यूव्ही-आयआर कट, म्हणजे बी+डब्ल्यू ४८६ किंवा हॉयाचा यूव्ही-आयआर कट, हे रंगीत काचेचे नसतात, काचेवर पातळ थरावर थर देऊन केलेले असतात आणि इन्फ्रारेड परत फेकतात. बाजूने धरलं तर लालसर-हिरवट चमकतात. त्यांची खोड अशी की उजेड तिरका आला की कट-ऑफ (जिथून अडवायला लागतो ती सीमा) निळ्याच्या बाजूला सरकतो, म्हणजे खरा लाल पण कापायला लागतो. ८५ एमएमला कोपऱ्यातला किरण मधल्यापेक्षा साधारण १४ अंश तिरका असतो, चालून जातं. २४ एमएमला तो ४२ अंशांवर जातो, कोपरे निळे-हिरवट होणार. नाटक तुम्ही ५०-७० ला काढत असणार, तिथे हा फिल्टर मस्त. एक लक्षात ठेवा, स्टेजचे दिवे समोर आले तर भुतासारखी प्रतिबिंबं दिसतात, जरा कोन बदलायचा.

धबधबा २४ ला काढणार, तिथे हा नको. तिथे एनडीच बदला, असा घ्या जो इन्फ्रारेड पण तेवढंच अडवतो. निसीचे आयआर एनडी किंवा फॉरमॅट-हायटेकचे फायरक्रेस्ट बघा, नावात आयआर असो नसो, आलेख दिलेला असेल तर ७०० ते ८०० मधली रेष बघा, तिथे वर उसळली असेल तर सोडून द्या. आणि फिरवायचा व्हेरिएबल एनडी स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, ती दोन पोलरायझरची जोडी असते आणि इन्फ्रारेडला ती नीट ओळखतच नाही, वर रुंद लेन्सवर काळी फुली उमटते ती वेगळीच.

जुनी_काच
तिरक्या उजेडाच्या भानगडीचा नामांकित बळी म्हणजे लायका एम८, २००६ चा. बॉडीत जागा नाही आणि कोपरे शार्प हवेत म्हणून सेन्सरवरची काच अगदी पातळ ठेवली, मग काळे सूट जांभळे यायला लागले, तेही एवढ्या महागड्या कॅमेऱ्यात. शेवटी कंपनीने गिऱ्हाइकांना दोन यूव्ही-आयआर फिल्टर फुकट दिले. ते लावले की रुंद लेन्सचे कोपरे निळसर, म्हणून लेन्सच्या माउंटवर सहा ठिपक्यांचा कोड, तो वाचून कॅमेरा कोपरे दुरुस्त करायचा. तेव्हा चिरेबंदी, तू चांगल्या संगतीत आहेस.

रात्रपाळी (वास्को)
बॉडी विकू नका हो, पाहिजे तर मला द्या 😀 आम्ही आकाशाचे फोटो काढणारे उलट कंपनीची आयआर काच काढून टाकायला पैसे मोजतो. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला लाल चमकतो आणि साध्या कॅमेऱ्याची काच तो बराच खाते. कॅननने त्यासाठी २००५ मध्ये २०डीए काढला, निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए. ढिली काच आमच्या कामाची.

कोकमसोलं
दोन लेन्स मॅच करायचं कोणी बोललंच नाही. २४ रंगांचं कलरचेकर कार्ड कोणाकडून तरी उसनं घे, एकाच उजेडात दोन्ही लेन्सनी फोटो काढ, प्रत्येकीचं वेगळं प्रोफाइल (रंगदुरुस्तीची फाइल) करून ठेव. एक उन्हाचं, एक हॉलच्या दिव्यांचं. माझ्या दोन बॉड्या आणि चार लेन्स अशाच जुळतात, अल्बममध्ये नवरीचा शालू रंग बदलत नाही. फक्त टाकुमार निवळून झाल्यावर कर, नाहीतर परत करावं लागेल.

चिरेबंदी
देव बरें करूं सगळ्यांक! ठरलं: टाकुमारला यूव्हीखाली, नाटकासाठी कट फिल्टर, एनडी नवीन. गेल्या नाटकाच्या फोटोंचं काही करता येईल का? कमिटीला बॅनरला हवेत.

मांडवीकाठ
कोट मास्क करून (फक्त कोटाचा भाग निवडून) तेवढ्यातला मॅजेन्टा आणि जांभळा उतरवा. पूर्ण फोटोवर स्लायडर ओढू नका, नायिकेची जांभळी नऊवारी पण राखाडी होईल. धबधब्याला पिवळ्याचं ह्यू (रंगछटा) हिरव्याकडे थोडं सरकवा, पूर्ण येणार नाही पण बॅनरपुरतं निभेल.

आणि फिल्टर घ्यायच्या आधी खात्री करून घ्या. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबून बघायची युक्ती सगळे सांगतात पण तो बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो, कापड आणि पानांची गळती ७००-८०० ची, त्यामुळे रिमोट दिसला नाही म्हणून काच कडक असं समजू नका. त्यापेक्षा घरातले सगळे काळे कपडे गोळा करून एका जुन्या पिवळ्या बल्बखाली एक फोटो आणि एलईडीखाली एक. माझ्याकडे ७७ एमएमचा ४८६ पडून आहे, झूमचा धागा ७२ चा असेल तर ७२-७७ ची स्टेप-अप रिंग घेऊन रविवारी पणजीला या, कोट पण आणा.

चिरेबंदी
धागा ७२ चाच आहे. रिंग मिळते का बघतो, कोट वकिलाकडून मागून घ्यावा लागेल, तो खरा पण वकील आहे.